लिथियमची वाट पाहावी की गाडी घ्यावी?

गजू (गाव)
सर्वांना नमस्कार. बाजारात भाजी आणि दुधाचे कॅन नेण्यासाठी मला विजेवर चालणारी मालवाहू तीनचाकी घ्यायची आहे आणि बँकेने कर्ज देण्याची तयारी दाखवली आहे. परंतु जम्मूत बॅटरीसाठी लागणाऱ्या लिथियमचा मोठा साठा सापडला आहे, शेजारच्या छत्तीसगडमध्येही खाण निघणार आहे, त्यामुळे दोन वर्षे दम धरलास तर हीच गाडी निम्म्या किमतीत मिळेल, असे चौकात सगळे सांगतात. मोठेबाबा, तुमची सारी नोकरी खाणीत गेली, म्हणून तुम्हालाच विचारतो. थांबावे का?

मोठेबाबा (वणी)
गजू, थांबू नकोस. खनिज जमिनीखाली आहे असे कळल्यापासून ते वापरात येईपर्यंत किती वर्षे जातात, हे निदान आपल्या कोळशाच्या पट्ट्यातल्या माणसाला तरी ठाऊक असले पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यातील सलाल-हैमना भागात ५९ लाख टनांचा साठा जाहीर झाला, तेव्हाच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तो ‘अनुमानित’ आणि जी-३ पातळीचा असल्याचे सांगितले होते. शोधाच्या चार पातळ्या असतात. जी-४ ही पहिली चाचपणी आणि जी-१ म्हणजे खाणीचा आराखडा करता येईल इतके बारकाईने झालेले काम. जी-३ हा थोड्या, लांब लांब घेतलेल्या नमुन्यांवरून बांधलेला अंदाज असतो. बोअरची जाळी जवळ जवळ घेऊन कोळशाच्या थराची जाडी नक्की केल्याशिवाय आमच्याकडे कधी यंत्र उतरवले जात नसे, कारण दोन बोअरच्या मध्ये थर कुठे पातळ होईल किंवा तुटेल हे वरून कोणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ते ५९ लाख टन म्हणजे शुद्ध लिथियम नसून लिथियमचा अंश असलेला दगड आहे. उदार हाताने टनामागे एक किलो लिथियम धरले आणि एक कणही वाया जाणार नाही असे मानले, तरी हाती ५,९०० टन लागतील. बॅटरीच्या एका युनिट क्षमतेला ढोबळमानाने १०० ग्रॅम लिथियम लागते, म्हणजे तीन युनिटच्या स्कूटरला ३०० ग्रॅम. या हिशेबाने रियासीचा सारा डोंगर उकरला तरी दोन कोटींच्या आसपास स्कूटर होतील. आपल्या देशात दुचाकींची विक्री वर्षाला जवळपास तेवढीच आहे.

लिलावाचे काय झाले तेही पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये रियासीचा लिलाव पुकारला गेला, परंतु तीन पात्र बोलीदारही न मिळाल्यामुळे मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला आणि पुन्हा पुकारूनही मार्गी लागला नाही. जगातले बहुतांश लिथियम ऑस्ट्रेलियातील कठीण खडकातून किंवा चिली-अर्जेंटिनाच्या खाऱ्या पाण्यातून येते. रियासीचे लिथियम बॉक्साइटबरोबरच्या चिकणमातीसारख्या थरात आहे आणि तशा थरातून परवडणाऱ्या खर्चात ते काढण्याचा अनुभव जगातच फार थोडा आहे. त्यात तो भाग भूकंपप्रवण हिमालयाचा. पैसे गुंतवणारा माणूस दचकणारच, त्यात त्याचा दोष नाही. छत्तीसगडमधील कोरबा जिल्ह्यातल्या कटघोऱ्याचा खाणपट्टा मात्र जून २०२४ मध्ये लिलावात गेला. लिथियमसाठी देशात यशस्वी झालेला हा पहिला लिलाव, पण तेथेही आधी तपशीलवार शोध, मग पर्यावरण आणि वनविभागाच्या परवानग्या, मग भूसंपादन, आणि त्यानंतर खाण.

जावईबापू (नागपूर)
मोठेबाबांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मी त्यात किमतीचा हिशेब जोडतो, कारण गजूचा मूळ प्रश्न किमतीचा आहे. मालवाहू तीनचाकीची बॅटरी साधारण दहा युनिटची असते, म्हणजे तिच्यात सुमारे एक किलो लिथियम असते आणि त्यासाठी पाच किलोंहून थोडे अधिक लिथियम कार्बोनेट, म्हणजे लिथियम बाजारात ज्या संयुगाच्या रूपात विकले जाते ते, लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या बाजारात कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनपर्यंत चढला होता. त्या भावाने गजूच्या बॅटरीतले लिथियम ३६,००० रुपयांच्या आसपास पडले असते. २०२४ च्या अखेरीस तो भाव ७५,००० युआनच्या घरात उतरला, म्हणजे तेच लिथियम पाच हजारांच्या आत आले. ही घसरण भारतात एक किलो लिथियमही न काढता झालेली आहे. म्हणून रियासीचे लिथियम उद्या कोणी फुकट दिले तरी त्या भावाने तुझ्या गाडीचे जेमतेम पाच हजार रुपये वाचतील, आणि दोन वर्षे डिझेलच्या भाड्याच्या गाडीला तू जे देशील ते त्याच्या कितीतरी पट असेल.

खरी अडचण खाणीच्या पुढच्या टप्प्यात आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. ऑस्ट्रेलियातून निघणारा स्पोड्यूमीन नावाचा दगड हजार अंशांहून अधिक तापमानावर भाजावा लागतो, मग सल्फ्युरिक आम्लाबरोबर पुन्हा तापवावा लागतो, त्यातून लिथियम पाण्यात उतरवून कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइडच्या रूपात बॅटरीला चालेल इतके शुद्ध करावे लागते. दगड ऑस्ट्रेलियाचा असला तरी हे शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होते. जगातल्या लिथियम शुद्धीकरणाचा जवळपास दोन तृतीयांश वाटा एकट्या चीनकडे आहे आणि जुलै २०२५ पासून त्या देशाने हे तंत्रज्ञान बाहेर देण्यावरही बंधने घातली आहेत. आपण उद्या कटघोऱ्याचा दगड काढला आणि तो शुद्ध करायला बाहेर पाठवावा लागला, तर परावलंबन होते तिथेच राहील. सरकारने जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन, म्हणजे लिथियमसारख्या अत्यावश्यक खनिजांसाठीची मोहीम, मंजूर केले आहे. माझ्या मते त्यातला पैसा आधी शुद्धीकरणाच्या कारखान्यांवर आणि ते काम जाणणाऱ्या माणसांवर खर्च झाला पाहिजे.

आत्या (तुमसर)
जावईबापू, कारखान्याच्या मुद्द्यावर आमच्या भंडारा जिल्ह्याचे उदाहरण सांगावेसे वाटते. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड टॉर्च आणि रेडिओच्या कोरड्या सेलमध्ये कित्येक वर्षे वापरले जात आहे, आणि खनिजावर प्रक्रिया करून विद्युत पद्धतीने अधिक शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखाना मॉइल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीने खाणीच्या शेजारीच उभारला. काळा दगड एका बाजूने आत जातो आणि बॅटरीला लागणारी बारीक भुकटी पोत्यांतून बाहेर पडते, हे आमच्या भागातल्या लोकांना नवीन नाही. खाण कंपन्यांच्या आराखड्यांना मान्यता देणारा भारतीय खाण ब्यूरो नागपुरात आहे. अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात जानेवारी २०२४ मध्ये लिथियमचे पाच पट्टे घेणाऱ्या काबिल या सरकारी कंपनीतली एक भागीदार, खनिज शोध करणारी एमईसीएल, तीही नागपूरचीच. इतकी जाणकार माणसे विदर्भात बसलेली असताना शुद्धीकरणाचा एखादा कारखाना इकडे का येऊ नये, असे मला मनापासून वाटते. आमच्या पोरांना पुण्याची वाट धरावी लागणार नाही.

वहिनी (ग्रामपंचायत सदस्य)
आत्याबाईंची इच्छा मलाही पटते, परंतु कारखान्याविषयी बोलताना खाणीखालच्या गावांविषयीही बोलले पाहिजे. आपल्या घराच्या मागच्या भिंतीला ब्लास्टिंगने गेलेला तडा आम्ही दर पावसाळ्यात सिमेंटने भरतो आणि उन्हाळ्यात तो पुन्हा उघडतो. विहिरीला पूर्वी पंचवीस फुटांवर पाणी होते, आता मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभे राहावे लागते. कापसाच्या बोंडावर कोळशाची धूळ बसली की व्यापारी भाव पाडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसला राहते घर जमिनीत खचून दिसेनासे झाले, ते तर सर्वांनी टीव्हीवर पाहिले. कोरबा हे आपल्या चंद्रपूरचेच सख्खे भावंड आहे, तिथेही कोळसा, वीजकेंद्रे आणि राख आहे, आणि आता त्याच जिल्ह्यातल्या लोकांच्या वाट्याला लिथियमची खाण येते आहे.

मोठेबाबा, माझा प्रश्न पैशाचा आहे. गावाच्या वाट्याला कायद्याने नेमके काय येते?

मोठेबाबा (वणी)
सूनबाई, हा प्रश्न तू विचारलास याचे समाधान वाटले, कारण इतक्या वेळच्या चर्चेत आम्हा पुरुषांच्या तो मनातही आला नाही. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते आणि खाणबाधित गावांसाठीचा पैसा त्यात जमा होतो. त्या दुरुस्तीपूर्वी दिलेल्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या, म्हणजे खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या, ३० टक्के रक्कम तेथे भरावी लागते, मात्र त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना केवळ १० टक्के. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने लिथियमचे स्वामित्वधन लंडन मेटल एक्स्चेंजच्या भावाच्या तीन टक्के ठरवले. म्हणजे शंभर रुपयांच्या लिथियमवर राज्याला तीन रुपये स्वामित्वधन आणि त्याच्या दहाव्या हिश्शाने गावांच्या प्रतिष्ठानाला तीस पैसे.

कटघोऱ्याच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपनीने खनिजमूल्याच्या ७६.०५ टक्के इतका अधिमूल्याचा, म्हणजे स्वामित्वधनाखेरीज द्यायच्या जादा रकमेचा, दर बोलला आहे. ती रक्कम राज्य सरकारच्या तिजोरीत जाईल आणि राज्याला ती मिळू नये असे मी म्हणत नाही. परंतु प्रतिष्ठानाचा हिस्सा स्वामित्वधनावरच मोजला जात असल्यामुळे अधिमूल्य कितीही वाढले तरी बाधित गावांचे तीस पैसे तीसच राहतात. ज्याचे शेत जाते, ज्याची विहीर आटते, त्याच्यासाठी हे फार थोडे आहे. देशाला लिथियम हवे आहे, त्याला माझा विरोध नाही. पण पहिली खाण सुरू होण्यापूर्वीच हा दर बदलून घेतला पाहिजे, कारण एकदा ट्रक धावू लागले की गावाचे कोणी ऐकत नाही, हे मी स्वतः खाणीच्या फाटकाच्या आत उभे राहून पाहिले आहे.

गजू (गाव)
मोठेबाबा, गाडी घ्यायची हे ठरले. परंतु आपल्याकडचा ४६ अंशांचा उन्हाळा बॅटरीला सोसेल का, आणि पाच-सात वर्षांनी ती थकली की तिचे करायचे काय? ई-रिक्षाची शिशाची बॅटरी भंगारवाला लगेच काट्यावर टाकतो आणि रोख पैसे देतो. लिथियमची बॅटरी दाखवली तेव्हा मात्र त्याने हातही लावला नाही, आग लागते म्हणाला.

जावईबापू (नागपूर)
भंगारवाल्याची भीती खरी आहे, ती बॅटरी त्याने फोडू नये हेच चांगले. उन्हाळ्याचे म्हणशील, तर सेल ‘एलएफपी’ प्रकारचे म्हणजे लोह आणि फॉस्फेटवर आधारलेले आहेत का, हे विक्रेत्याला विचार. निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा ते उष्णता अधिक सोसतात आणि टिकतातही जास्त. थोडे वजन वाढते, पण मालवाहू गाडीला त्याने बिघडत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरना आगी लागल्यानंतर डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत बॅटरी सुरक्षेचे नियम कडक झाले आहेत, त्यामुळे जुन्या साठ्यातली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. दुपारी भर उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नकोस, तास-दीड तास सावलीत उभी राहू दे.

थकलेल्या बॅटरीबाबत २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. तुझ्या बॅटरीतले एक किलो लिथियम सात वर्षांनीही एक किलोच असते, ते जळून जात नाही. शुद्धीकरणाची विद्या आपण शिकलो तर जुन्या बॅटऱ्या हीच आपली सर्वांत जवळची खाण ठरेल, आणि तिच्यासाठी कोणाचे शेत घ्यावे लागणार नाही.

वहिनी (ग्रामपंचायत सदस्य)
भाऊजी, मग बॅटरी परत घेण्याची हमी विक्रेत्याकडून बिलावर लेखी घ्या, तोंडी घेऊ नका. मोठेबाबा, आपल्या तालुक्यातील बाधित गावांवर खनिज प्रतिष्ठानाचा किती पैसा कोणत्या कामावर खर्च झाला, याची माहिती मागणारा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. त्यातच लिलावाच्या खाणींचा हिस्सा दहावरून तीस टक्के करण्याची मागणी घालायची आहे. मसुदा तुम्ही लिहून द्यावा.

मोठेबाबा (वणी)
उद्या सकाळी लिहून पाठवतो. खाण कायद्याचे खनिज प्रतिष्ठानाविषयीचे कलम ९ ब त्यात नमूद करू, म्हणजे तालुक्याला कोणी टाळाटाळ करणार नाही. आत्या, तुमच्या तुमसरच्या ग्रामसभांनीही असाच ठराव घेतला तर दोन जिल्ह्यांचा आवाज एकत्र जाईल.

आत्या (तुमसर)
दादा, मसुदा मलाही पाठवा. आमचे पट्टे जुने आहेत, त्यांना तीस टक्क्यांचा नियम लागतो, परंतु पुढे नवे पट्टे निघतील ते लिलावानेच निघतील. मी सरपंचांशी बोलून ठेवते.