पोस्टरवर पायऱ्या किती ते छापा! (कोल्हापुरातली नाटकं, फॅन मेळावे, सगळ्यांनाच सांगतोय)

तिसरी_घंटा

पाऊस ओसरला की आपल्याकडं कार्यक्रमांचा हंगाम लागतो. नवरात्रातल्या व्याख्यानमाला, दिवाळीनंतर हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, मग एकांकिका, गाणं, चित्रप्रदर्शनं. यंदा भरीला कॉलेजातल्या काही पोरांनी ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) आणि कॉमिक्सवाल्यांचा एक दिवसाचा मेळावा घ्यायचं मनावर घेतलंय. कॉस्प्ले (आवडत्या पात्राची वेशभूषा), स्टॉल, चित्रकारांची टेबलं, सगळं. अशा चाहत्यांचा मोठा मेळावा, कॉमिक कॉन, 2011 साली दिल्लीत सुरू झालं, मग मुंबई-बंगळुरूकडं गेलं. आपली पोरं रात्रीच्या गाडीनं तिकडं जाऊन येतात. इथं झालं तर आनंदच आहे.

मागणी एवढीच आहे. आपल्या पोस्टरवर तारीख, वेळ, तिकीट आणि नेत्यांचे हसरे फोटो असतात. त्यात आणखी चार ओळी घाला. रस्त्यापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती. चाकाच्या खुर्चीवरून जाता येईल असं स्वच्छतागृह आहे की नाही. कार्यक्रमात लखलखणारे दिवे किंवा कानठळ्या बसवणारा आवाज आहे का. आणि अडचण असेल तर फोन कुणाला करायचा. सोय नसेल तर 'नाही' असं छापा. रॅम्प बांधा असं मी म्हणतच नाही, तो बांधायला पैसा लागतो. खरं छापायला लागत नाही.

स्पर्धेच्या नाटकांसाठी संस्था महिना-महिना तालमी करतात आणि प्राथमिक फेरीला समोर अर्धं सभागृह रिकामं असतं. ज्यांना यायचंय पण दाराशी काय वाढून ठेवलंय ते माहीत नाही, असे लोक घरी बसलेत. त्यांना बोलवायला आपण कधी चार ओळी लिहिल्या?

चौथी_भिंत

पोस्टर म्हणजे निमंत्रण असतं, पंचनामा नव्हे.

हौशी संस्था चालवून बघा. भाडं, लाइट, नेपथ्याचा टेम्पो, मेकअप, तालमीतला रोजचा चहा, सगळं पदरमोड करून चालतं. कसाबसा एखादा प्रायोजक मिळतो आणि त्याच्या नावाखाली मी 'पायऱ्या 14, स्वच्छतागृहाची सोय नाही' छापू? तो पुढच्या वर्षी फोन उचलायचा नाही. बरं, पायऱ्या मी बांधल्या का? सभागृह दुसऱ्याचं, नाव माझ्या संस्थेचं खराब. ज्यानं इमारत बांधली त्यानं दारावर पाटी लावावी.

आणि छापून पायरी कमी होत नाही.

चाकावरची

पायरी कमी होत नाही, पण माझं रिक्षाभाडं वाचतं.

मी चाकाची खुर्ची वापरते. नाटकाला जायचं ठरवलं की आधी फोन करते. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "ताई, या की! चार पोरं हायत, उचलून घेतो." प्रेमानं म्हणतात, त्यात खोट नाही. पण उचलणारा खुर्चीचा हात धरतो आणि काही खुर्च्यांचे हात निघून येतात. वर पोचले तरी मी मधल्या वाटेत. मागचा म्हणतो दिसत नाही, डोअरकीपर म्हणतो वाट अडते. मध्यंतरात जाता येणार नाही म्हणून दुपारपासून पाणी पीत नाही. तीन अंकी नाटक असेल तर बघा हिशेब करून.

चौथी_भिंत, तुमच्या पोस्टरवर 'सोय नाही' वाचून मला राग येणार नाही. 'सर्वांना सस्नेह निमंत्रण' वाचून येतो.

नसीमादीदी हुरजूक यांची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था 1984 पासून याच गावात काम करतेय. बाहेरगावचे लोक शिकायला इथं येतात. आणि आपण नाटकवाले अजून 'चार पोरं हायत' वरच.

नादखुळा_ओटाकू

वर ज्या मेळाव्याचा विषय निघालाय त्यात मीपण आहे, म्हणून बोलतो. खरं सांगू का, गर्दी, धक्काबुक्की, आरडाओरडा हीच तिथली मजा असते. सगळं शिस्तीत, हळू आवाजात केलं तर ते शाळेचं स्नेहसंमेलन होईल. त्यामुळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आता हे आम्हाला स्पीकर बंद करायला लावणार.

पण एक गंमत ऐका. आमच्यातल्या एकानं फोमचे पंख केलेत, पसरले की सहा फूट. तो दारातून आडवा होऊन जातो. दोन स्टॉलच्या मधे त्याला जेवढी जागा लागते तेवढी असली की चाकाची खुर्ची आरामात वळते. म्हणजे बोळ रुंद आम्हालाच पाहिजे, उपकार नाहीत.

रांगेचंही तसंच. तास-दीड तास उन्हात उभं राहायला लावतात मोठ्या ठिकाणी. ज्यांना उभं राहवत नाही त्यांना टोकन देऊन सावलीत बसवायचं, नंबर आला की हाक मारायची, असं आम्ही ठरवलंय. एक शांत खोलीपण ठेवणार. काही जणांना आवाजाचा त्रास होतो, आमच्या ग्रुपमधेच आहेत, बोलत नाहीत एवढंच. तलवारी मात्र फोमच्याच. मर्दानी खेळाची खरी घेऊन याल तर दारातूनच परत.

पायऱ्या छापायला आमचा आक्षेप नाही. फोटो छापायला नेतेच नाहीत, जागा रिकामीच आहे.

पेठकर_आबा

हे समदं तुमी सभागृहात कोंडून घेतल्यापासनं सुरू झालं. आमच्या लहानपणी सोंगी भजन चौकात व्हायचं, गणपतीत गल्लीत पडदा लावून शिनेमा. म्हातारं बाजंवर, बाळंतीण दारात, ऐकू न येणारं पार म्होरं, पांगळं पोर चुलत्याच्या खांद्यावर. कोण उठतंय, कोण बसतंय, पोरगं रडतंय, कुणी 'श्शू' केलं न्हाई. आता म्हणं ह्याला रिलॅक्स्ड शो म्हणत्यात आन् त्येचं तिकीट काढत्यात!

शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं ते बघा. उतरती बैठक, कुठंबी बसा, कुस्ती दिसतीच. तिथं कुणाला इचारावं लागत न्हाई. माणसं हायत की मदतीला. पोस्टर कशाला?

चाकावरची

आबा, खांद्यावर बसलेलं पोर मोठं होतं. मी अठ्ठेचाळीसची आहे.

चौकाबद्दल मात्र शंभर टक्के तुमच्या बाजूनं. सपाट जमीन, उठायची मुभा, वर दिवे चालू. हे तिघं असले की निम्मं काम झालं. नाटकवाल्यांनी एक प्रयोग तरी असा करून बघावा. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार नको, बाहेर जाऊन परत यायला दार उघडं, भोंगा एकदम दचकवणारा नको. स्वमग्न मुलांच्या आया मला विचारतात, "तुझ्या ओळखीत असं काही आहे का, जिथं आमच्याकडं वळून बघणार नाहीत?"

कायद्याचं_बोला

भावना बाजूला ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याचं 29 वं कलम संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. 45 व्या कलमात जुन्या सार्वजनिक इमारती सुगम (दिव्यांगांना वापरता येतील अशा) करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 लाच संपली. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे निकष 'केलं तर बरं' अशा शिफारशीच्या भाषेत ठेवून चालणार नाही, सक्तीचे किमान नियम करा. सिनेमांसाठीही माहिती व प्रसारण मंत्रालयानं मार्च 2024 मध्ये पडद्यावरच्या अक्षरांची (कॅप्शन) आणि ध्वनिवर्णनाची (न दिसणाऱ्यांसाठी दृश्याचं बोलून वर्णन) मार्गदर्शक तत्त्वं काढलीत.

तेव्हा 'पोस्टरवर चार ओळी' ही मागणी मला फारच मवाळ वाटते. एकदा 'नाही' छापायची सवय लागली की सभागृहवाले निवांत. प्रामाणिकपणे सांगितलं की झालं, बांधायला कोण जातंय? धागाकर्त्याच्या सूचनेनं नेमकं हेच होईल.

चौथी_भिंत

वकीलसाहेब, आता गणितावर या. रॅम्पचा उतार एकास बारा. रंगमंच तीन फूट उंच धरला तर छत्तीस फूट लांब रॅम्प. आमच्या हॉलची विंग (रंगमंचाच्या बाजूची जागा) सहा फुटांची. तो रॅम्प काय प्रेक्षकांच्या मांडीवरून नेऊ?

आणि सक्ती केलीत तर होईल काय? छोटी सभागृहं कार्यक्रमांना जागा देणं बंद करतील, लग्नं घेतील. 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून तारखा मिळवताना आमच्या नाकी नऊ आलेत. 1915 सालचं नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आगीत गेलं. त्या रात्री रडलेली माणसं मी पाहिलीत. आहेत ती सभागृहं आधी टिकू देत.

तिसरी_घंटा

टिकू देत की. पण केशवरावची पुनर्बांधणी हीच तर बोलायची वेळ आहे. दर्शनी भाग जुन्यासारखा दिसावा यावर सगळ्यांचं एकमत आहे, माझंही. आत मात्र रंगपटापर्यंत (नटांच्या मेकअपच्या खोलीपर्यंत), रंगमंचापर्यंत चाकाची खुर्ची जाते का, हे विचारणारे थोडे. आपण दिव्यांग माणसाला कायम प्रेक्षकातच बसवतो. तो नट असू शकतो, प्रकाशयोजना करू शकतो हे डोक्यातच येत नाही. छत्तीस फुटांची जागा नसेल तर छोटी उचलयंत्रं असतात, नव्या बांधकामात तर आधीच धरता येतात. बांधून झाल्यावर भिंत फोडायची वेळ आणू नये.

वकीलसाहेबांची भीती समजली. तरी वाटतं, दहा संस्थांनी एकाच सभागृहाच्या नावापुढं 'नाही' छापलं तर मालकाला ते रोज दिसेल. आत्ता ते कुणालाच दिसत नाही.

ओठवाचक

पायऱ्यांवरच सगळे घसरताय. मी धडधाकट चालतो, चौदा काय चाळीस पायऱ्या चढतो. वर गेल्यावर मला ऐकू येत नाही.

खुणांच्या भाषेचा दुभाषी ठेवला की झालं असं लोकांना वाटतं. त्याला संहिता आधी द्यावी लागते, तालीम दाखवावी लागते, त्याच्यावर वेगळा प्रकाश ठेवावा लागतो. नाहीतर ब्लॅकआउट झाला की नटाबरोबर आमचा दुभाषीही गडप. शिवाय सगळ्या कर्णबधिरांना खुणांची भाषा येते असं नाही. मोठेपणी ऐकू येईनासं झालेल्यांना वाचायला मजकूर लागतो. बाजूच्या पडद्यावर संवाद दाखवा म्हटलं तर आपले विनोदी नट पदरची वाक्यं घालतात. पडद्यावर एक, तोंडात दुसरं, सगळं सभागृह हसतंय आणि मी मागचं वाक्य वाचतोय.

त्या बाबतीत ॲनिमेवाली पोरं बरी. ती पोरं अख्खी मालिका खाली अक्षरं वाचतच बघतात, त्यांना ओळी दिसल्या तर रसभंग होत नाही. नाटकवाल्यांना होतो. "नटाकडं बघायचं की पाटीकडं?" असं मला तोंडावर विचारलंय.

चौथी_भिंत

तो प्रश्न मीही विचारीन. प्रेक्षकाची नजर बाजूच्या पडद्यावर गेली की दृश्य मेलं. सगळ्याच प्रयोगांना अक्षरं लावायला माझा विरोध आहे आणि राहील. एखादा प्रयोग तसा ठेवू, त्या दिवशी नटांना पदरची वाक्यं बंद. यापुढं मी जाणार नाही.

पोस्टरचं म्हणाल तर फोन नंबर छापतो. पायऱ्या नाही.

चाकावरची

फोन उचलणाऱ्यानं सभागृह पाहिलेलं असेल तर चालेल. मागच्या वेळी "पायऱ्या नाहीतच" असं सांगणारा निर्मितीप्रमुख होता. त्याला त्या दिसल्याच नव्हत्या. रोज चढतो ना.

पेठकर_आबा

ह्ये मातर खरं हाय. आमच्या कुस्तीच्या तालमीच्या उंबऱ्याला किती ठेचा लागल्या आसतील, पर उंबरा हाय म्हणून कुणाला सांगितलं न्हाई.

तरी बी पोस्टरबिस्टर मला पटलं न्हाई. दारात एक समजूतदार माणूस बसवा.

कायद्याचं_बोला

आबा, तो समजूतदार माणूस पगारी असेल तर मीही सही करतो. स्वयंसेवक असेल तर मध्यंतरात वडा खायला जातो.

नादखुळा_ओटाकू

मोठ्यांचं चालू द्या. मला आज डेकोरेटरला सांगायचंय. स्टॉलची टेबलं पंचाहत्तर सेंटिमीटर उंचीची आहेत म्हणतो. खुर्चीवरून आलेल्याला चित्रं बघायला चालतील का? आणि सोबत येणाऱ्याचं तिकीट घ्यायचं का नाही?

चाकावरची

उंची चालेल. खाली आडवी पट्टी नको, गुडघे अडकतात. टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत सोडू नका, चाकात गुंततं. केबल वाटेवरून टाकणार असाल तर त्यावर पट्टी बसवा, नुसती चिकटपट्टी दुपारपर्यंत सुटते.

सोबतच्याचं तिकीट घेऊ नका. तो चित्रं बघायला येत नाही, मला आणायला येतो. बघायला लागला तर घ्या.