मालिकेतली अभिनेत्री वॉर्डात उभी राहणार: आतापासून काय करायचं?

कांदिवली_लोकल:
मराठी मालिकांत काम करणाऱ्या एका अभिनेत्रीचं कामकाज बघतो. पक्षप्रवेश झालाय, मुंबई महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत तिकिटाचं तोंडी आश्वासन आहे. राहणं गोरेगाव पूर्वेला भाड्याने, मतदार यादीत नाव अजून साताऱ्यात. पडद्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. मालिका चालू आहे. कागदपत्रं, वॉर्डाची बांधणी, शूटिंग, कशाला आधी हात घालू? "चेहरा आहे ना, बाकी पक्ष बघेल" एवढं सांगू नका, ते ऐकून झालंय.

यादीप्रमुख:
आधी साताऱ्याचं नाव. मुंबईच्या यादीत नाव नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. त्यासाठी फॉर्म ८ भरायचा, म्हणजे जुन्या पत्त्यावरचं नाव इकडे येतं. घाईघाईत बरेच जण फॉर्म ६ भरून नवी नोंदणी करतात आणि दोन्हीकडे नाव राहतं. गेल्या वेळी संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे यादीत दोन तारे होते. उमेदवाराच्याच नावापुढे तारे दिसले तर विरोधक त्याचाच फ्लेक्स लावतील. पत्त्याला नोंदणीकृत भाडेकरार चालतो, ब्रोकरने करून दिलेला साधा नोटरीचा कागद नको.

हे शेवटच्या वर्षावर ढकलू नका. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडून वापरली होती. त्यानंतर नाव आलेल्यांना ना मत देता आलं, ना उभं राहता आलं.

मुंबईत एका वॉर्डात नाव असलं की दुसऱ्या वॉर्डातून लढता येतं. अर्जावर नाव सुचवणारा सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक मात्र लढायच्या वॉर्डातलेच मतदार हवेत. त्यांचे यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः यादी उघडून तपासा, फोनवर सांगितलेल्या आकड्यांवर छाननीत अर्ज अडकतात.

नावाचा घोळ आत्ताच मिटवा. यादी, प्रतिज्ञापत्र, बँक खातं, पक्षाचा उमेदवारीचा बी फॉर्म, सगळीकडे एकच नाव. पडद्यावरचं नाव वापरायचं असेल तर राजपत्रात बदल करून मग बाकीची कागदपत्रं बदला.

आणखी दोन गोष्टी. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर विषय संपला. आणि महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असला तर अपात्रता येते. ताईंनी पालिकेच्या एखाद्या मोहिमेची मानधन घेऊन जाहिरात केली असेल, किंवा घरातल्या कुणाच्या कंपनीकडे पालिकेचं काम असेल, तर ती कागदपत्रं आजच वकिलाला दाखवा.

परळ_गिरणगाव:
वरचं सगळं बरोबर, पण खरी गोची आरक्षणाची आहे. २२७ पैकी ११४ जागा महिलांना, त्यांतच ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती, आणि सोडत निघते निवडणुकीच्या तोंडावर. चार वर्षं एक वॉर्ड बांधायचा आणि चिठ्ठी निघाली ओबीसी महिला, तर ताईंकडे जातीचा दाखला आहे का? म्हणून एकाच वॉर्डाला चिकटू नका, लागून असलेले दोन-तीन वॉर्ड धरून काम करा. महिला सर्वसाधारण जागेवरूनही लढू शकते. पक्ष तिकीट देईल का, तो वेगळा प्रश्न.

आता आकडे. २०२६ ला मुंबईत मतदार १ कोटी ३ लाखांच्या वर होते, म्हणजे वॉर्डाला सरासरी ४५ हजार. मतदान केंद्रं चाळीस-पंचेचाळीस. प्रत्येक केंद्रावर आत एक, बाहेर टेबलावर एक माणूस धरला तर नव्वद माणसं झाली. ती नव्वद नावं लिहून काढा. निम्मी लिहून झाल्यावर पेन थांबतं, तिथे तुमची खरी ताकद कळते. शाखेची पोरं आहेत म्हणू नका. ज्या जुन्या कार्यकर्तीचं तिकीट ताईंना जाणार, तिचीच माणसं ती पोरं असतात. पक्षप्रवेशाच्या फोटोत ती बाई शेजारी उभी असते, मतदानादिवशी तिची टेबलं रिकामी असतात. तिकीट ठरायच्या आधी तिच्या घरी जा, नंतर जाऊन उपयोग नाही.

२०१७ ला वॉर्ड २२० मध्ये भाजप आणि शिवसेनेच्या उमेदवारांना ५,९४६ अशी समसमान मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. एका इमारतीतले चार जण गावाला गेले असते तरी चित्र पालटलं असतं.

कांदिवली_लोकल:
धन्यवाद. फॉलोअर साडेसात लाख आहेत. त्याचा काही उपयोग?

परळ_गिरणगाव:
त्यातले वॉर्डातले किती? २०२४ च्या विधानसभेला वर्सोव्यात अभिनेते एजाज खान उभे होते. फॉलोअर पन्नास लाखांच्या वर, मतं १५५, नोटापेक्षाही कमी. दुसरीकडे मालिकांतूनच आलेल्या स्मृती इराणी २०१४ ला लोकसभेला अमेठीत हरल्या, पाच वर्षं तिथे जात राहिल्या आणि २०१९ ला ५५ हजारांनी जिंकल्या. २०२४ ला त्याच अमेठीने पाडलंही.

सोशल मीडियाचा एक उपयोग आहे: तक्रारीचा पाठपुरावा. गटार तुंबलं की १९१६ वर तक्रार, तक्रार क्रमांक, आधीचा-नंतरचा फोटो. मात्र काम कुणाचं ते आधी बघा. गल्लीतलं गटार वॉर्ड ऑफिसचं, मोठा नाला पर्जन्य जलवाहिन्या खात्याचा, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीची दुरुस्ती म्हाडाची. चुकीच्या दारात ताईंना कॅमेऱ्यासह उभं केलंत तर अधिकारी चहा पाजून परत पाठवतील.

शेड्युलवाली:
शूटिंगबद्दल. डेली सोपची बारा तासांची शिफ्ट आणि वॉर्ड एकत्र चालत नाही. लोक भेटतात सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी सातनंतर, नेमकी तीच कॉल टाइम आणि पॅकअपची वेळ. वाहिनीच्या करारात निवडणूक लढवण्याबद्दल कलम आहे का बघा. नसेल तर निदान प्रचारापुरता ट्रॅक, म्हणजे मालिकेतली भूमिका, कमी करणं आणि एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, हे आधीच लेखी घ्या.

जिंकल्यावर जास्त अवघड. परवानगीशिवाय सलग तीन महिने सभागृहाच्या बैठकांना गैरहजर राहिल्यास पद जाऊ शकतं. मानधनावर घर चालवायचं गणित मांडू नका, २०१७ च्या वाढीनंतर ते महिना २५ हजार झालं होतं.

यादीप्रमुख:
खर्चाचं राहिलं. २०२६ ला मुंबईत मर्यादा १५ लाख होती. ताईंचे सहकलाकार प्रचाराला आले तर ते फुकट आले असं समजू नका. गाड्या, स्टेज, माईक, जेवण सगळं हिशोबात धरतात. पैसे देऊन बूस्ट केलेली रीलसुद्धा. वेगळं बँक खातं उघडा आणि रोजचा खर्च त्याच दिवशी लिहा. निकालापासून ३० दिवसांत हिशोब गेला नाही तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, हरलेल्यांनाही.

आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे ए आणि बी हे दोन कागद, मूळ सहीचा, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. पक्षाचा माणूस "निघालोय, पाच मिनिटांत पोचतो" म्हणाला तर तुमचा माणूस बाइकवर त्याच्याकडे पाठवा.