मग वाइल्डरसाहेबांचं काय?
ख्रिस्ती सेवेवरच्या चर्चेत कुणीतरी ‘सेवा म्हणजे घरभेटी, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, घरात बसून लिहिणं म्हणजे हौस,’ असं म्हटलंय. अर्धंच पटलं. आमच्या कोल्हापुरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च ज्यांच्या नावाचं, ते अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथं आले, शाळा काढल्या, खेडोपाडी हिंडले. अमेरिकेला परतल्यावर १८७८ मध्ये त्यांनीच ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १८८७ पर्यंत, म्हणजे मरणाच्या वर्षापर्यंत, चालवलं. पाय थकल्यावर हातात लेखणी घेतली, तेव्हा सेवा संपली म्हणायचं का?

माझा अनुभव मात्र मिश्र आहे. बाप्तिस्म्याच्या वादावर मी पानंच्या पानं लिहिली. भांडणं तेवढी वाढली, कुणाचं भलं झालं नाही. उलट रविवारचा उपदेश सोप्या मराठीत उतरवून चर्चच्या मंडळीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना पाठवायचो (अक्षर मोठं करून, हो), तर त्यांची सून सांगायची, सोमवारी सकाळपासूनच ‘आलं का गं?’ सुरू. शेवटी आजींनीच निरोप धाडला, ‘लिहितोस ते वाचते रे, पण एकदा चहाला ये की.’ गेलो.