रंग उडालेला फॉसिल कोन शंख, प्रजाती कशी ओळखायची?

शंखनाद:
नमस्कार, माझ्याकडे एक फॉसिल कोन शंख (शंकूच्या आकाराचा) आहे, लेबलवर फक्त फ्लोरिडा, प्लायोसीन (साधारण ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीचा काळ) एवढंच लिहिलंय. लांबी ४२ मिमी, खांद्यापाशी (टोकाखालच्या सर्वात रुंद भागापाशी) रुंदी २२. पार पांढराफटक झालाय, नक्षीचा मागमूस नाही. आजचे कोन बरेचदा नक्षीवरूनच ओळखतात ना, मग याचं काय करायचं?

खडक_माती:
आधी टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डावीकडे आलं तर कॉन्ट्राकोनस अ‍ॅडव्हर्सॅरियसच डोक्यात येतो, तिथल्या प्लायोसीनमधला प्रसिद्ध डावा कोन.

शंखनाद:
नाही, उजवीकडेच आहे. तोंडाची उंची ३६ भरली.

वेटोळं:
मग तो बाद. आता शंख वरून बघा, माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच असतं. खांदा धारदार आहे का गोलसर, सुरुवातीच्या वेढ्यांवर गाठी आहेत का, वेढ्यांच्या वरच्या बाजूला बारीक आडव्या रेघा किती, आणि मुख्य म्हणजे शिवणीजवळ (दोन वेढे जुळतात त्या रेषेजवळ) वाढीच्या रेषा मागे किती खोल वळतात, कारण जिवंतपणी तोंडाच्या कडेला तिथे खाच होती आणि तिचा आकार जाती वेगळ्या करायला फार कामाचा. तिरपा उजेड टाकून भिंगातून बघा, सरळ उजेडात हे अजिबात दिसत नाही. तुमच्या मापांवरून रुंदी भागिले तोंडाची उंची ०.६१, आणि टोकाचा भाग एकूण लांबीच्या साधारण १४ टक्के, म्हणजे टोक बरंच बुटकं.

निळाप्रकाश:
नक्षी गेलीच असं धरू नका!! यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली बघा, जिथे मूळ रंगद्रव्य होतं तो भाग चमकतो, म्हणजे जिवंतपणी गडद असलेले ठिपके उजळ दिसतात, फोटो निगेटिव्हसारखा उलटा करून वाचायचा. २०१५ मध्ये जोनाथन हेंड्रिक्स यांनी डोमिनिकन रिपब्लिकमधले ४८ ते ६६ लाख वर्षांपूर्वीचे कोन असेच तपासले, २८ प्रजातींच्या नक्षी मिळाल्या आणि त्यातल्या १३ नवीन निघाल्या. आधी ब्लीचमध्ये ठेवल्याने नक्षी जास्त उठून दिसते, पण ते एखाद्या तुटक्या तुकड्यावर करून बघा आधी.

खडक_माती:
हे भारीच. फक्त कोणत्या थरातला आहे ते मिळालं तर शोधा, त्याशिवाय मी तरी लेबलवर 'कोनस, प्रजाती अनिश्चित' एवढंच लिहीन.

शंखनाद:
खूप आभार सगळ्यांचे. गाठी नाहीत, खांदा धारदार आहे. वरून, तिरप्या उजेडात आणि यूव्हीखाली असे तिन्ही फोटो टाकतो, वाढीच्या रेषा तुम्हीच बघून सांगा.