ऑस्टिन: आठवड्यातून एकच दिवस पाणी, लॉन पिवळं पडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बागकामातलं मला फारसं कळत नाही त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या वायव्येला राहतो, घर घेऊन दोन वर्षं झाली. पुढे-मागे मिळून साधारण 2500 स्क्वेअर फूट लॉन आहे, बिल्डरने लावलेलं सेंट ऑगस्टीन जातीचं गवत. सध्या रोज 100 फॅरनहाइटच्या वर जातंय (38-39 सेल्सियस धरा) आणि पावसाचा पत्ता नाही. आमच्याकडे स्प्रिंकलर आठवड्यातून एकच दिवस चालवायचा नियम आहे, तोही रात्री किंवा पहाटे. होजपाईप हातात धरून पाणी घालायला परवानगी आहे, पण ऑफिस आणि पोरं सांभाळून रोज तासभर पाईप धरून कोण उभं राहणार?

तर झालं असं की गेल्या तीन आठवड्यांत ड्राईव्हवेच्या कडेने एक पट्टा पिवळा पडायला लागला, आधी हातभर होता, आता चांगला चटईएवढा झालाय आणि पसरतोच आहे. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून आमच्या दिवशी त्या झोनचा (स्प्रिंकलरच्या त्या भागाचा) टाईम 12 मिनिटांवरून 25 केला, तर अर्धं पाणी फुटपाथवरून वाहत गटारात. शेजारच्या आजोबांनी येऊन सांगितलं की असं वाहून गेलेलं दिसलं तर दंड होतो. त्यात परवा एचओएचं (कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र, लॉनची निगा राखा, 30 दिवसांत सुधारणा दिसली पाहिजे. म्हणजे एकीकडे पाणी घालू नका आणि दुसरीकडे हिरवं ठेवा, करायचं काय माणसाने?

आणि घरात तिसरी पार्टी आहे. सासूबाई लातूरहून आल्यात सहा महिन्यांसाठी. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं तेव्हा त्या तिथेच होत्या, घागरी आणि टाक्या भरून ठेवायची सवय अजून गेलेली नाही. पहाटे स्प्रिंकलर सुरू झाले की खिडकीत उभ्या राहून बघतात. "अगं, पिण्याचं पाणी गवताला? आणि वाढलं की कापून फेकता. निदान एखादी म्हैस तरी पाळा." मी मुद्दाम हिशोब केला, आमच्या लॉनवर एक इंच पाणी म्हणजे 1,550 गॅलन, लिटरमध्ये 5,900 च्या आसपास. आकडा त्यांना सांगितला ही माझी चूक. "म्हणजे आमच्या गल्लीचा टँकर तू दर आठवड्याला गवतावर ओततेस" असं म्हणून दोन दिवस गप्प होत्या.

प्रश्न असे की हे गवत मेलंय की झोपलंय हे कसं ओळखायचं? आठवड्यात एकदाच पाणी मिळत असेल तर ते मुरावं कसं? आणि उपटून बर्म्युडा जातीचं गवत लावावं का? कुणाचा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

---

खडकावरचा_माळी:

आधी टायमिंग बदला. 25 मिनिटं सलग नाही चालत, आपल्याकडची माती तेवढं पाणी एकदम पीत नाही. 8-8 मिनिटांचे तीन राऊंड लावा, मध्ये तासभर गॅप. बहुतेक कंट्रोलरमध्ये याची सोय असते, शोधा. ट्यूना माशाचे रिकामे डबे लॉनवर चार ठिकाणी ठेवा आणि किती इंच साचतं बघा, माझ्याकडे एका कोपऱ्यात पाऊण इंच आणि दुसऱ्यात नुसता ओलावा निघाला होता, स्प्रिंकलरचं तोंडच तिरकं होतं.

मोवरचं (गवत कापायच्या मशीनचं) पातं वर उचला, सेंट ऑगस्टीन 3.5-4 इंच ठेवा. उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरतं. भर उन्हाळ्यात खत अजिबात नको.

बर्म्युडाचं म्हणाल तर ते पाण्याविना झोपतं आणि पाऊस पडला की उठतं, सेंट ऑगस्टीनचा तेवढा भरवसा नाही. पण आय-35 हायवेच्या पश्चिमेला असाल तर खाली चुनखडीचा खडक. टेक्सास ए अँड एमने सॅन अँटोनिओत 25 जातींची गवतं 60 दिवस पाण्याविना ठेवून बघितली होती, 4 इंच मातीत एकही जगलं नाही, खोल मातीतली बरीचशी परत आली. म्हणून गवत बदलण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा माती किती आहे ते.

काळीमाती:

मी आय-35 च्या पूर्वेला, इथे अगदी मराठवाड्यासारखी काळी माती आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुमच्या सासूबाईंना एकदा आणा, घरी आल्यासारखं वाटेल :) लॉन राहू दे, घराच्या पायाभोवतीची माती आवळली तर भिंतींना तडे जातात, आम्ही लॉन सोडून पाणी तिथेच देतो.

एचओएला घाबरू नका. 2025 मध्ये टेक्सासमध्ये कायदा झालाय, पाण्यावर निर्बंध असताना आणि ते उठल्यावर 60 दिवस पिवळ्या लॉनसाठी दंड लावता येत नाही. पत्राला लेखी उत्तर द्या, तुमच्या भागाचे निर्बंध जोडा.

निवडुंग_ताई:

थांबा थांबा. ड्राईव्हवेच्या कडेने, उन्हात, आणि पाणी वाढवून पण पसरतंय? मला हे तहानेचं वाटत नाही. तहानलेलं गवत आधी निळसर-राखाडी दिसतं, पाती मिटतात आणि चाललात तर पावलांचे ठसे तसेच राहतात. तुमचं सरळ पिवळं होतंय. चिंच बग बघा, नाव चिंच असलं तरी आपल्या चिंचेशी काही नातं नाही, बारीक किडा आहे, सेंट ऑगस्टीनचा रस पितो आणि तापलेल्या काँक्रीटजवळची जागा त्याला फार आवडते. कॉफीचा डबा दोन्ही बाजूंनी कापून हिरवं-पिवळं मिळतं त्या कडेला मातीत दाबा, पाणी भरा आणि दहा मिनिटं भरत राहा. असले तर वर तरंगतात.

---

धागाकर्ती:

निवडुंग_ताई, तुमचे पाय कुठे आहेत!! आज संध्याकाळी डबा लावला, पाणी ओतायचं काम सासूबाईंनी घेतलं (एसीचा पाईप बाहेर ठिबकतो त्याखाली त्यांनी बादली लावलीय, तेच पाणी, नळाचं वापरू दिलं नाही). पाचव्या मिनिटाला काळे, पांढऱ्या पंखांचे बारीक किडे वर आले, मी मोजले 20 च्या वर, मग मोजणं सोडलं. म्हणजे मी तीन आठवडे किड्यांच्या ताटाला पाणी वाढत होते. फक्त त्या पट्ट्यावर आणि भोवतीच्या दोन-तीन फुटांवर औषध मारलं तर चालेल ना, की सगळ्या लॉनवर मारावं लागतं? मागे तुळस आणि कढीपत्ता आहे म्हणून विचारतेय.

राऊंडचं टायमिंग लावलं, 8-8-8. स्क्रू-ड्रायव्हर पुढच्या बाजूला 5 इंच गेला, मागे दोन इंचावर टणकन थांबला. सासूबाई म्हणतात मागचं सगळं काढ, वाळा लावू.