इराक: पंथभेद जुना, पण जागावाटप कुणाचं?

मूळ मुद्दा
शिया-सुन्नी चौदाशे वर्षं भांडताहेत, त्यात अमेरिका काय करणार, हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. सद्दाम पडल्यावर इराकचा कारभार बघणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने जुलै २००३ मध्ये नेमलेली इराकींची शासकीय परिषद बघा. जागा २५: १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमेन, १ असिरियन. कम्युनिस्ट पक्षाचे हमीद मजीद मूसासुद्धा शियांच्या १३ मध्ये मोजले! पुढे मंत्रिपदं आणि खात्यांतल्या नेमणुकाही अशाच वाटल्या गेल्या. इराकी याला 'मुहासासा' म्हणतात.

प्रतिसाद १
ही वाटणी ब्रेमरनी शोधलेली नाही. सद्दामविरोधी पक्ष नव्वदच्या दशकातच परदेशातल्या बैठकांत याच हिशेबाने बसत होते. १९९१ मध्ये दक्षिणेतला शिया उठाव चिरडला गेला, तेव्हा आखाती युद्धानंतर सफवानला झालेल्या युद्धबंदी बोलण्यांत इराकी हेलिकॉप्टरना उडायची मुभा अमेरिकेनेच दिली होती. उठाव चिरडणारं सद्दामचं तेच सैन्य ब्रेमरनी २००३ मध्ये बरखास्त न करता कायम ठेवलं असतं, तर शियांनी ते कसं सोसलं असतं?

मूळ लेखक
त्या सैन्यातले बहुसंख्य साधे जवान शियाच होते, आणि ते आठ वर्षं इराणशी लढले. १६ मे २००३ च्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतले लोक सरकारी नोकरीतून काढले, २३ मेच्या आदेशाने सैन्य बरखास्त केलं. अधिकाऱ्यांचा पगार गेला, हत्यारं घरीच राहिली. भत्ता जाहीर व्हायला महिना लागला.

प्रतिसाद २
निवडणूक पद्धत दोघेही विसरताय. जानेवारी २००५ मध्ये अख्खा देश एकच मतदारसंघ होता, म्हणजे जागा देशभरच्या एकूण मतांवर वाटल्या गेल्या. सुन्नींच्या बहिष्कारामुळे अनबार या सुन्नीबहुल प्रांतात जेमतेम २ टक्के मतदान झालं. प्रांतवार जागा असत्या तर अनबारच्या जागा अनबारकडेच राहिल्या असत्या. घटना लिहिणारी सभा मात्र याच मतदानातून बनली. डिसेंबरमध्ये प्रांतवार पद्धत आली, तोवर घटना मंजूरही झाली होती.

प्रतिसाद १
पद्धत सुधारून काय झालं? २०१० मध्ये अयाद अल्लावींच्या, सुन्नींचा पाठिंबा असलेल्या 'इराकिया' आघाडीला ९१, तेव्हाचे शिया पंतप्रधान मालिकी यांच्या आघाडीला ८९ जागा. तरी शिया पक्ष एकवटले आणि मालिकीच पंतप्रधान राहिले.

मूळ लेखक
वॉशिंग्टननेही मालिकींनाच साथ दिली, हे का गाळता? 'सहवा' या स्थानिक सशस्त्र गटांतले बहुतांश सुन्नी असलेले सुमारे एक लाख लोक महिना ३०० डॉलरवर अल-कायदाशी लढले. त्यांतल्या २० टक्क्यांना सुरक्षा दलांत घ्यायचं ठरलं होतं, ते बगदादने पुरं केलं नाही. १८ डिसेंबर २०११ ला शेवटचं अमेरिकी पथक बाहेर पडलं, आणि दुसऱ्याच दिवशी सुन्नी उपराष्ट्रपती अल-हाशिमींवर अटक वॉरंट निघालं. आणि अल्लावी स्वतः शिया. सुन्नी प्रांतांनी भरभरून मतं दिली, ती एका शिया नेत्याला.