पिलाटीज घरी सुरू केलंय, पण हंड्रेड करताना मान भरून येते

दांडियाबाजार_४६
नमस्कार मंडळी. वय 46, दिवसभर खुर्चीवरचं काम. रोज 12 सूर्यनमस्कार घालते, तरी कंबर आखडलेलीच असते. म्हणून व्हिडिओ बघून मॅटवरचं पिलाटीज, म्हणजे पोट-कंबर-पाठीचे श्वासासोबत करायचे व्यायाम, सुरू केलंय. तीन ठिकाणी अडते. हंड्रेडला, म्हणजे उताणं झोपून डोकं उचलून हात हलवत 100 मोजताना, 30 पर्यंतच मान भरून येते. रोल-अपला, म्हणजे झोपेतून पाठ गोल करत उठून बसताना, पाय हवेत जातात. आणि पाठीवर गोल लोळताना मणके टोचतात. मॅट योगाची, 4 मिमीची, खाली मार्बल. कुठून सुरुवात करू?

कमाटीबाग_सकाळी
ताई, आधी मॅट. योगाची मॅट उभ्या आसनांसाठी असते, पाय घसरू नये म्हणून पातळ. इथे मणका-मणका जमिनीवर टेकवायचा असतो, त्यामुळे 10 ते 15 मिमी जाडी हवी. नवी घ्यायची नसेल तर मॅटखाली सतरंजीची दुहेरी घडी घाला. गादीवर मात्र करू नका, कंबर खाली रुतते आणि हाडं कुठे आहेत तेच कळत नाही.

पहिला आठवडा फक्त दोन गोष्टींना द्या. उताणं झोपा, गुडघे उभे, पावलांत कमरेइतकं अंतर. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण ओटीपोटावर ठेवा: मनगटाकडचा भाग कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर, बोटांची टोकं खाली जांघांमधल्या हाडावर. हा त्रिकोण जमिनीला समांतर राहिला पाहिजे, इतका की वर पाण्याची वाटी ठेवली तर सांडू नये. कमरेखाली बोटं सरकतील एवढीच पोकळी. मूठ जात असेल तर कंबर कमानीसारखी उचलली गेलीय.

दुसरी गोष्ट म्हणजे श्वास. प्राणायामात पोट फुगवायची सवय असते; इथे पोट हलकं आत धरून श्वास बरगड्यांत, बाजूला आणि पाठीकडे न्यायचा. ओढणी छातीच्या खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळून टोकं समोर फुलीसारखी धरा. नाकाने श्वास घेताना बरगड्यांनी ओढणी ताणली पाहिजे, तोंडाने सोडताना ती सैल पडली पाहिजे. त्या सैल पडण्याच्या क्षणी बेंबीखाली जो ताण जाणवतो, तोच पुढच्या प्रत्येक व्यायामात वापरायचाय.

रावपुरा_व्यायाम
वरचं अगदी खरं. मी मानेचं सांगतो. जोसेफ पिलाटीज (1883–1967) यांच्या मूळ 34 व्यायामांचा क्रम हंड्रेडने सुरू होतो, म्हणून व्हिडिओही तिथूनच सुरू होतात. नवशिक्याने तो तिसऱ्या आठवड्यात आणावा.

मान भरते कारण डोकं मानेने उचललं जातं. उचलायची असते छाती. आधी हनुवटी किंचित खाली, गळ्याशी एक लिंबू मावेल एवढी जागा ठेवून. मग श्वास सोडत बरगड्या कमरेकडे सरकवा, डोकं आपोआप मागून येतं. खांद्याच्या पात्यांची खालची टोकं मॅटवरच राहतात, नजर मांड्यांवर. वरच्या पाठीला वाक नसेल तर डोक्याखाली पंचा घ्या, त्याची दोन टोकं धरून डोक्याचं वजन पंच्यावर सोडा.

मोजणी अशी: 5 ठोके श्वास आत, 5 बाहेर, अशा 10 फेऱ्या म्हणजे 100. हात खांद्यापासून हलवायचे, वीतभरच, मनगटातून फडफड नको. तुम्ही 3 फेऱ्यांवर थांबा, पावलं मॅटवरच. मान भरली की डोकं खाली, हात चालू ठेवा. पोटाचं काम तरीही होतं. दर आठवड्याला दोन फेऱ्या वाढवा.

रोल-अपला पाय उडतात कारण कंबर गोल होत नाही आणि जांघेचे स्नायू अंग ओढून घेतात. सध्या उलट बाजूने शिका. गुडघे वाकवून बसा, मांड्या मागून धरा, माकडहाड पुढे दुमडत मागे जा, हात सरळ होईपर्यंतच. तिथे एक श्वास, मग परत. 6 वेळा पुरे.

कारेलीबाग_फिजिओ
दोन सूचना महत्त्वाच्या. डोकं उचलताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येत असेल तर ती पायरी लगेच थांबवा. बाळंतपणानंतर सरळ स्नायूंमधली फट राहिलेली असू शकते, ती तपासून घ्यावी. हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल, किंवा कंबरेतून पायात कळ, मुंग्या जात असतील, तर रोल-अप आणि गोल लोळणं दोन्ही वर्ज्य.

आणि खुर्चीवर बसणाऱ्याने पुढे वाकणंच करत राहू नये. दर वेळी ब्रिज (उताणं झोपून, गुडघे उभे ठेवून कंबर वर उचलणं) 8 वेळा करा, उतरताना छातीकडून माकडहाडाकडे एकेक मणका टेकवत. पालथं झोपून छाती चार बोटं उचला, 6 वेळा, हातांवर भार न देता. कुशीवर झोपून वरचा पाय पुढे-मागे, प्रत्येक बाजूला 8. सूर्यनमस्कारात कुशीवरचं काम येतच नाही, त्यामुळे कुल्ह्याचे बाजूचे स्नायू कच्चे राहतात आणि भार कमरेवर पडतो. आठवड्यातून 3 दिवस, 20 मिनिटं. सूर्यनमस्कार सोडू नका.

दांडियाबाजार_४६
खूप आभार. ओढणी बांधून पाहिलं. श्वास घेतला की खांदे कानाकडे जातात. आणि कमाटीबागेत हिरवळीवर केलं तर चालेल का?

कमाटीबाग_सकाळी
श्वास मोठा ओढताय. अर्धाच घ्या, सोडणं मात्र पूर्ण. तळवे आकाशाकडे वळवून ठेवले की खांदे मॅटला चिकटून राहतात. हिरवळ उंचसखल असते, त्रिकोण तिरका होतो आणि कळतही नाही. पहिले दोन महिने घरची फरशीच बरी. मोबाईल जमिनीवर, कुशीच्या बाजूने ठेवून चित्रीकरण करा. समोरून कंबर दिसत नाही.